आईची इको आणि मेथीची भाजी

आज आईची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार आहे हे महिन्यापूर्वीच कळलं होतं, पण डोक्यात शिरलं ते आज, स्क्रीनवर बघताना. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावतच नव्हते, भांड्यातल्या दह्यासारखे नुसते थरथरत होते. खालच्या कप्प्यांत रक्त ढकलण्याचं त्यांचं काम बंद पडलंय, म्हणून आई दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकते. आम्ही आपले वयाच्या नावावर खपवत होतो!

डॉक्टरांनी दोन गोष्टी नीट समजावल्या. ठोके फार काळ वेगाने पडत राहिले तर चांगला स्नायूही थकतो, पंपिंग कमी होतं. वेग वेळेत आटोक्यात आणला तर ते बऱ्याचदा सुधारतंही. दुसरी जास्त धोक्याची: डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गाठ होते आणि ती सुटून मेंदूत जाते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट!

आई म्हणाली, "ॲस्पिरिन घेते की मी!" त्याने भागत नाही म्हणे. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने तिच्या हृदयाची झडप अरुंद झालीय, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या नाहीत, जुनी वॉरफरिनच. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, 2 ते 3 हवा.

एवढं ऐकून तिचा प्रश्न एकच, "मग मेथी बंद का?" मेथीतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनचा परिणाम कमी करतं. बंद नाही, पण रोज साधारण तेवढीच. एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर काही नाही, हे चालणार नाही. आयएनआरची तपासणी पुढच्या सोमवारी.