लेखी अट परवडली

अर्जेंटिनाच्या राज्यघटनेत 1994 पर्यंत सरळ लिहिलेलं होतं की राष्ट्राध्यक्ष कॅथलिकच हवा. सीरियन मुस्लिम आईबापांच्या पोटी जन्मलेले कार्लोस मेनेम कॅथलिक झाले आणि 1989 मध्ये त्या पदावर बसले. अट पूर्ण, विषय संपला.

इंग्लंडमध्ये खासदाराच्या धर्माची अट शपथेच्या मजकुरात होती. ज्यू असलेले लायनेल द रॉथशिल्ड 1847 मध्ये लंडन शहरातून निवडून आले, पण ‘ख्रिश्चनाच्या खऱ्या श्रद्धेला स्मरून’ हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. मतदार पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, तरी जागेवर बसायला 1858 उजाडलं, तेही कायदा बदलल्यावर. अकरा वर्षं गेली, पण भांडायला समोर एक ठरावीक वाक्य तरी होतं.

अमेरिकेत असं वाक्यच नाही. घटनेचं सहावं कलम पदासाठी धर्माची कसोटी लावायला बंदी घालतं. तरी प्रतिनिधीगृहावर निवडून आलेले मुस्लिम कीथ एलिसन कुराणावर शपथ घेणार म्हटल्यावर 2006 च्या अखेरीस व्हर्जिनियाच्या एका खासदाराने काहूर माजवलं. खरं तर प्रतिनिधीगृहाच्या अधिकृत शपथविधीला पुस्तक लागतच नाही. सभापती एकदाच शपथ देतात, सगळे उजवा हात वर करतात, झालं. पुस्तकावर हात ठेवलेले फोटो नंतरच्या वेगळ्या समारंभातले. एलिसन यांनी त्यासाठी आणवली ती कुराणाची 1764 ची छापील प्रत, आणि ती माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली. जेफरसनही व्हर्जिनियाचेच!

त्याच सभागृहात डोकं झाकायला 1837 पासून बंदी होती. इल्हान ओमर हिजाब घालून निवडून आल्या तेव्हा जानेवारी 2019 मध्ये धार्मिक वस्त्रापुरती सूट देणारी दुरुस्ती मतदानाने झाली. लेखी नियमाला असा उपाय असतो.

अलिखित अटीचं काय करायचं? रिपब्लिकन नेत्या निक्की हेली शीख घरातल्या. 1997 मध्ये त्या ख्रिश्चन झाल्या. तेरा वर्षांनी, 2010 मध्ये, साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या, तर त्यांच्याच पक्षाच्या एका राज्य सेनेटरने त्यांना पगडीवरून शिवी हासडली. त्याच प्रचारात त्यांच्या संकेतस्थळावरची ‘सर्वशक्तिमान देवावर’ची श्रद्धा बदलून तिथे ख्रिस्ताचं नाव आलं. म्हणजे धर्मांतर पुरेसं नव्हतं, शब्दही तपासले जात होते. त्या निवडून आल्या. पण 2024 च्या जानेवारीत, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत, प्रतिस्पर्धी ट्रम्प यांनी त्यांचं जन्मनाव, निमरता, मोडूनतोडून पुन्हा उकरून काढलं. ‘निक्की’ मात्र कुणाला खूश करायला घेतलेलं नाही. ते जन्मापासूनचंच मधलं नाव, पंजाबीत अर्थ ‘धाकटी’. हे खुलाशाने सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

हिंदू घरात जन्मलेल्या बॉबी जिंदल यांची गोष्ट उलट्या बाजूने अडते. पीयूषचा बॉबी त्यांनी लहानपणीच, टीव्हीवरची मालिका पाहून केला. विद्यार्थिदशेत कॅथलिक झाले, 2008 मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर. मग भारतीय वंशाचेच कित्येक जण ‘मूळ लपवतो’ म्हणून त्यांच्यावर तुटून पडले. लहान पोराने घेतलेल्या टोपणनावात राजकीय डाव शोधणं मला तरी अन्यायाचं वाटतं. त्यांच्या धोरणांवर बोलायला भरपूर आहे, तिथे बोलावं.

आणि आपले बेळगावचे ठाणेदार? 2022 मध्ये मिशिगनमधून अमेरिकी संसदेवर निवडून गेले, मतपत्रिकेवर नाव: श्री ठाणेदार. तिथल्या मतदाराला ‘श्री’ हे फक्त नाव वाटतं. आपण मात्र नकळत आणखी एक ‘श्री’ लावायला जातो.