एक मीटरची चौकट

2009 च्या सप्टेंबरात मी आणि माझी मैत्रीण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर शाळांसाठीच्या आमच्या निसर्ग-सहलींची पहिली बॅच घेऊन चढलो. तिसरीची बावीस मुलं. सामान म्हणाल तर सुतळीच्या एक मीटरच्या चौकटी, फांदी झटकायला आतून पांढरं कापड शिवलेली छत्री, सहा भिंगं आणि बाटली कापून केलेलं बर्लीझ, म्हणजे पाचोळ्यातले बारीक किडे खाली उतरवणारं नरसाळं. मैत्रीण वनस्पतिशास्त्राची, मी हिशेबातली. चौकट आवडेल तिथे मांडायची नाही, पाठ फिरवून फेकायची आणि पडेल तिथलं मोजायचं, हे तिनं मलाच आधी शिकवलं. त्या दिवशी गिरिपुष्पाच्या झाडांच्या सावलीत मुलांना तीन प्रकारची रोपं सापडली, मोकळ्या गवतात अकरा. मग "असं का, ताई?" हा प्रश्न त्यांनीच विचारला.

बर्लीझखाली आम्ही स्पिरिट कधीच ठेवलं नाही, ओला टिपकागद ठेवला. बल्बच्या उष्णतेनं पाचोळ्यातून खाली उतरलेले स्प्रिंगटेल, म्हणजे मातीतले इवलेसे उडणारे जीव, उड्या मारताना दिसले पाहिजेत. मेलेलं दाखवायचं असेल तर तक्ते आहेतच.

मैत्रीण 2014 मध्ये बंगळूरला गेली. काम वाढत होतं, त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

2017 चं मात्र सांगते. शहरात एक मोठी कंपनी या धंद्यात उतरली. वातानुकूलित बस, प्रत्येक मुलाला टोपी आणि प्रमाणपत्र. एका वर्षात आमच्या सात शाळा गेल्या. धंदा आहे, शाळा जातात. पण त्यांची निरीक्षण-पत्रिका हाती आली तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. आमच्या पत्रिकेत 'नाव माहीत नाही, चित्र काढा' असा एक चौकोन होता आणि नमुना म्हणून पहिल्या बॅचमधल्या एका मुलानं काढलेला लांब मिशांचा नाकतोडा छापला होता. तो नाकतोडा त्यांच्या कागदावर जसाच्या तसा, डावी मिशी खोडून पुन्हा काढलेली, तीसुद्धा. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. आणि साठ मुलांमागे एक माणूस पाठवणाऱ्यांना त्या चौकोनाचा उपयोग तरी काय? बारा मुलांमागे एक, याच्या वर जाऊ नका. नवीन कुणी हे काम सुरू करत असेल तर आणखी एक ऐका: भिंगं काचेचीच घ्या आणि शाळेकडून निम्मे पैसे आधी घ्या.

सावरतोय तोवर मार्च 2020. चौदा सहली रद्द झाल्या. पुण्यात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर 2021 पर्यंत बंदच होते. व्हॅन विकली, गाळा सोडला, ट्रे आणि जाळ्या माझ्या बाल्कनीत आल्या. त्या दिवसांत पेठेतल्या एका मराठी शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. पहिल्या वर्षापासून त्यांची एकही सहल चुकली नव्हती, साठ रुपये दर होता तेव्हा त्या सुट्टे पैसे रुमालात बांधून आणायच्या. म्हणाल्या, "ताई, बारा हजारांचा चेक पाठवतेय. पुढच्या सहलीचा आगाऊ. देणगी म्हणून लिहू नका, पावती फाडा." शाळेचं खातं नव्हतं ते, त्यांचं स्वतःचं होतं. मी पावती फाडली.

ती सहल फेब्रुवारी 2022 मध्ये निघाली, गिरिपुष्प गुलाबी फुललं होतं तेव्हा. बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी आल्या. तिसरीची मुलं पाचोळ्याला हात लावेनात. "हात खराब होतील," म्हणत खिशातून सॅनिटायझर काढत होती. पहिलीचं वर्ष संपायच्या आत घरात कोंडलेली पोरं ती. बाई गुडघ्यावर बसल्या, साडीचा पदर खोचला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पाचोळ्यात घातले. बाहेर काढले तेव्हा तळहातावर पैसा किडा वेटोळं करून पडला होता. एक मुलगी पुढे सरकली आणि तिनं त्याच्याखाली आपला हात धरला.