आईची पोटरी

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या घरी जिना उतरताना आईच्या पोटरीचा स्नायू फाटला. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरून झालं की मी तिच्या पायाशी बसतो. परवा तिनं विचारलं, "आपोआप कसं भरून येते रे हे?"

आपोआप नाही, आई. स्नायूतल्या राखीव मूळपेशी जाग्या होऊन वाढतात. मग त्यांच्या आवरणातल्या, पोटॅशियम वाहून नेणाऱ्या 'केआयआर २.१' वाहिन्या कामाला लागतात. पेशीचा विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास उतरतो. तेवढ्यानं कॅल्शियमला आत यायची वाट मिळते, आणि पेशी एकमेकींत मिसळून स्नायूचा तंतू होतो. प्रयोगशाळेत या वाहिन्या अडवल्या, की मानवी पेशी तिथंच थबकतात. एवढ्याशा दाबावर पेशीचं पुढचं आयुष्य ठरावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काल ती काठीशिवाय तुळशीपर्यंत गेली.