ठिपका उजवीकडे, बघायचं डावीकडे

दादाचं स्किझोफ्रेनियाचं निदान झालं तेव्हा मी दहावीत होते. आता 27 ची आहे. आई माझ्यासाठी स्थळं बघतेय आणि दादाचा विषय निघाला की "तो पुण्याला असतो" म्हणते. दादा सांगलीतच असतो, आमच्याच वरच्या खोलीत. रोज संध्याकाळी आयर्विन पुलावर चक्कर मारून येतो.

मला पण होईल का, हे मी त्याच्या डॉक्टरांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, एरवी धोका 1 टक्क्याच्या आसपास, सख्ख्या भावंडाला 10 च्या आसपास. म्हणजे बहुतेक जण सुटतात. बंगळूरला एका संशोधनात रुग्णांच्या भावंडांचे डोळे तपासतात, हेही त्यांनीच सांगितलं. मिरजेहून राणी चन्नम्मा पकडली. आईला सांगितलं, मैत्रिणीचं लग्न आहे.

झोप झालेली हवी, कुठली गोळी घेत असाल तर सांगा, अशी ताकीद होती. रेल्वेत कसली झोप! एक दिवस लॉजवर काढला.

अंधारी खोली. हनुवटी टेकूवर, कपाळ पट्टीला, समोर कॅमेरा. आधी एक ठिपका सावकाश इकडून तिकडे जातो आणि नजर त्याच्या मागे ठेवायची. बऱ्याच रुग्णांची नजर मागे पडते, मग उडी मारून त्याला गाठते. डिफेनडॉर्फ आणि डॉज या संशोधकांनी हे 1908 मध्येच टिपलं होतं. 1973 मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप होल्झमन यांनी ते पुन्हा पुढे आणलं आणि वर्षभरात रुग्णांच्या नातेवाइकांतही दाखवलं. म्हणून तर माझ्यासारखीला बोलावतात.

दुसरा खेळ वाईट. ठिपका उजवीकडे उमटला की डावीकडे बघायचं. सोपं वाटतं ना? डोळा आपल्याआधी पळालेला असतो, मग त्याला कान धरून परत आणायचं. सातव्या-आठव्या चुकीनंतर मी मोजणं सोडलं. घशाला कोरड पडली.

बाहेर आल्यावर रिपोर्ट मागितला. तिथली मुलगी म्हणाली, रिपोर्ट देत नाही. चुका सगळ्यांच्याच होतात, फरक दिसतो तो शेकडो लोकांच्या सरासरीत. धडधाकट माणसांतही हे सापडतं, काही रुग्णांत अजिबात नसतं, आणि जागरणानं, औषधांनीही नजर अडखळते. एकट्या माणसाचं भविष्य यावरून सांगता येत नाही.

एवढ्या लांब जाऊन हात हलवत परत! मिरजेपर्यंत धुसफुसत होते. मग वाटलं, बरंच झालं. असा कागद मिळत असता तर आमच्याकडे पत्रिकेबरोबर तोही मागितला असता.

घरी आल्यावर फक्त दादाला खरं सांगितलं. त्याला खेळ आवडला. दोन्ही हातांच्या मुठी करून माझ्यासमोर बसला आणि उजवं बोट टुणकन वर केलं. मी उजवीकडेच बघितलं.

"गेलीस," तो म्हणाला. "पुण्याला ये माझ्याकडे, शिकवतो."