नवीन आलाय काय?

मंगळवार, रात्र

टाचेला हळद लावून बसलेय. नवीन चप्पल घालून हिंडायला जाऊ नको म्हणून ह्यांनी सांगितलं होतं, त्यामुळं टाचेबद्दल घरात तक्रार करता येत नाही.

आज शनिवार खुटाच्या आसपास एका कट्ट्यावर एक आजी मेथी निवडत बसल्या होत्या. रिसालदार गल्ली कुठनं जवळ पडेल, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी जुडी खाली ठेवली, मला चपलेपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "नवीन आलाय काय बेळगावात?"

31 वर्षं झाली मला या गावात.

पण ते तोंडातून निघेना. "टिळकवाडीत असतो," एवढंच म्हटलं. (लिहिताना मी 'असते' लिहिते, बोलताना 'असतो'च येतं. पुण्यात सगळे हसतात. हसू देत.)

"ते व्हय. पण गाव कुठलं?"

नंदगड म्हटल्याबरोबर म्हातारीचा चेहरा खुलला. "मग पावणीच की!" आणि मेथीच्या काडीनं रस्ता दाखवला.

पाहुणी. घरी येईपर्यंत हा शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, त्यात काय एवढं. तेच तर मला कळत नाहीये, त्यात काय एवढं. 'तुम्ही इथले काय?' हा प्रश्न या गावात आम्हाला नवा नाही. कागद पुढं सरकवताना, खिडकीपलीकडच्या माणसाच्या कपाळावरच्या आठीत, तो कितीदा तरी भेटलाय. त्याची उत्तरं पाठ आहेत. आवाज कुठं चढवायचा तेही पाठ आहे. 2014 च्या नोव्हेंबरात गावाचं नाव सरकारी पाटीवर बदललं तेव्हा तर... जाऊ दे, त्यावर लिहायला बसले तर ही वही पुरायची नाही. पण आज विचारलं ते मराठीत. प्रेमानं. मेथी निवडता निवडता. त्याला मात्र काही उत्तर जवळ नव्हतं.

आणि वाईट याचं, की म्हातारी चुकली कुठं? रिसालदार गल्ली मला ठाऊक नव्हती हे खरंच होतं.

नंदगडात मी डोळे मिटून कुठंही जाईन. कुणाच्या पायरीचा दगड हलतो तेसुद्धा सांगेन. तिथं राहिले एकवीस वर्षं, इथं एकतीस. मग ही दहा जास्तीची वर्षं गेली कुठं? संध्याकाळभर रडवेली होऊन हा हिशोब करत बसले होते. सुमितचा फोन आला, तोही नीट बोलून झाला नाही. तो परत तेच म्हणाला, इकडं या. ते वेगळं.

मग भाकरी थापताना एकदम उलगडलं. स्कूटर!

डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं ते या दिवाळीनंतर. त्याआधीचं सगळं बेळगाव मी ह्यांच्या मागं बसून पाहिलं. साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून. म्हणजे तोंड कायम डावीकडं. उजवीकडं ह्यांची पाठ. आणि ह्यांची शिस्त अशी की जायचं कपिलेश्वरकडनं, यायचं स्टेशनाकडनं, त्यात तीस वर्षांत बदल नाही. गेल्या वाटेनं परत येणं म्हणजे पेट्रोल वाया घालवणं, असं काहीतरी ह्यांचं गणित. म्हणजे प्रत्येक रस्त्याची एकच बाजू माझ्या वाट्याला आली. मी अर्ध्या बेळगावात राहिले की हो. डाव्या बेळगावात.

हे सुचल्यावर तव्यावरची भाकरी करपेपर्यंत हसत होते.

आता एकेक आठवतंय. काँग्रेस रोडवरची ती विहीर. 1924 साली इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष, त्यासाठी खोदलेली. शाळेत आम्ही घोकलंय, गांधीजी अध्यक्ष होते असं हे एकमेव अधिवेशन. पाच मार्कांचा प्रश्न. घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी ती नीट बघितली ती गेल्या महिन्यात, पायी. ती माझ्या उजव्या हाताला असायची ना.

वडगावचंही तसंच. मागावरच्या साड्या घ्यायला किती वेळा गेलो असू, पण माग वाजताना ऐकले ते आत्ता. सकाळी त्या गल्लीतनं चालताना एका घरातनं खटक-खटक, तो मागं पडला की पुढच्या घरातनं वेगळ्या तालात. स्कूटरवर बसून स्कूटरच ऐकू येते.

खडेबाजारचा घोळ तर विचारू नका. एक शहापुरात, एक बेळगावात. मागच्या गुरुवारी मैत्रिणीला 'खडेबाजारात ये' म्हटलं आणि दोघी दोन खडेबाजारात पाऊण तास उभ्या. सासूबाई म्हणायच्या, शहापूर सांगलीकरांचं, बेळगाव इंग्रजांचं, दोन राजांचे दोन बाजार. तेव्हा मी ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून द्यायची. पायी गेल्यावर कळतं की शहापूर अजूनही आपलं आपलं वेगळं गाव धरून बसलंय. वाड्यांची दारं, गल्ल्यांची रुंदी, माणसांचं बोलणं, सगळं जरा निराळं. सीमा काय आमच्या नशिबी 1956 पासूनच आहे असं नाही म्हणायची.

आजींनी दाखवलेल्या वाटेनंही मी चुकलेच. एका नारळवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मुंदे होगि, एडक्के." पुढं जा, डावीकडं. कन्नडातसुद्धा माझ्या नशिबी डावीकडंच.

रिसालदार गल्लीत मला काय काम होतं, तर विवेकानंद 1892 च्या ऑक्टोबरात बेळगावला आले तेव्हा भाटे वकिलांकडं उतरले होते, ते घर बघायचं होतं. बघितलं. बाहेर उभी राहून टाच चोळता चोळता मनात आलं, दंड-कमंडलू घेतलेल्या त्या उंच संन्याशालाही या गल्लीत शिरताना कट्ट्यावरच्या कुणीतरी बाईनं विचारलंच असणार, नवीन आलाय काय? आणि त्यांना त्याचं काही वाटलं नसणार. पण ते विवेकानंद. शिवाय ते नवीन होतेच.

जेवताना ह्यांची परीक्षा घेतली. म्हटलं, मी डावीकडं बघायची, तुम्ही कुठं बघत होता? म्हणाले, खाली. आणि खरंच, ह्यांना कुठली गल्ली विचारावी तर खड्डे सांगतात. कुठं गटाराची फरशी फुटलेली, कुठल्या वळणावर पावसात चिखल, कुठला गतिरोधक रात्री दिसत नाही. दुकान एक नाही, देऊळ एक नाही. म्हणजे बेळगाव पूर्ण बघितलेला माणूस आमच्या घरात नाहीच. पाहुणे दोन.

गंमत चालली होती म्हणून मी पुढं रेटत गेले. बोलता बोलता ते म्हणाले, "भातकांडे गल्लीच्या तोंडाशी होता तो मोठा खड्डा आता बुजवलाय."

त्या घराचा व्यवहार झाल्यापासून, अकरा वर्षं, आम्ही त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही. म्हणजे मी तरी. खड्डा बुजवलाय हे ह्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. ताक वाढलं.

उद्या जुनी चप्पल घालून जाईन.