तेरा गुणिले पाऊण

रविवार, १२ जानेवारी. आंजर्ले, सकाळी साडेसहा

नवरा अजून घोरतोय. सासूबाई कधीच उठून समोरच्या घरी चहाला गेल्यात, त्यांचा आवाज इथपर्यंत येतोय. म्हणजे गाडीत लिहायला टेबल रिकामं आहे. एरवी त्याच्यावर आईंचा औषधांचा डबा, पोथी आणि निवडायची भाजी असते.

ही आमची तिसरी ट्रिप. ट्रॅव्हलर घेऊन आतल्या सीटा काढल्या, पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. सुतारकाम लवकर उरकलं, कागद मात्र महिनोन्‌महिने चालले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मंजुरीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, त्यामुळे आरटीओच्या चकरा आल्याच. गाडी साडेआठ फूट उंच. कोकणातल्या आतल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे आणि डोक्यावर आंब्याच्या फांद्या. त्यामुळे आई पुढच्या सीटवर बसून सारखं "वर बघ रे, वर बघ" करत असतात. समोर मी बघते.

परवाची रात्र माणगावला पेट्रोल पंपावर काढली. पिण्याचं पाणी, चाकांत हवा आणि संडास पंपावर फुकट मिळालंच पाहिजे, तसा नियमच आहे. पण रात्रभर गाडी उभी करू देणं ही त्यांची मर्जी. म्हणून आम्ही डिझेल तिथेच भरतो आणि मग हळूच विषय काढतो. दोन ट्रकांच्या मधे जागा मिळाली. हॅलोजनच्या उजेडात झोप धड लागत नाही, पण भीतीही वाटत नाही. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असल्या गाड्यांसाठी कॅरॅव्हॅन पार्कही आहेत. आमच्या वाटेवर अजून तरी एकही लागलेला नाही. पंप लागतात.

काल बागमांडल्याला गाडी जंगलजेट्टीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत घातली, खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि केळशीवरून इथे आलो. दिवस कलला होता. एका रिसॉर्टवाल्यानं नुसतं कुंपणाच्या आत उभं राहायचे बाराशे रुपये सांगितले. वीज नको, पाणी नको, खोली नको, तरी बाराशे! नवरा म्हणाला, थांब, मी बघतो. त्याचं बघणं म्हणजे मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा. त्यात त्याला खाडीच्या कडेला एक सपाट, मोकळा तुकडा सापडला. जाऊन बघतो तर खरंच छान जागा. वाळू घट्ट, माणूस नाही, समोर होड्या. चाकाखाली फळी सारून गाडी लेव्हलला आणली आणि मी पिठल्यासाठी कांदा चिरायला घेतला.

तेवढ्यात लुंगी नेसलेले एक काका आले. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरकडे बघितलं आणि विचारलं, "आज तिथी काय?"

नवऱ्यानं मोबाईल काढला. तो उघडेपर्यंत आई आतून म्हणाल्या, "त्रयोदशी."

"मग तेरा गुणिले पाऊण किती?"

"पावणेदहा," आई.

"पावणेदहाला पाणी हितं येणार. गाडी काढा."

मी शाळेत गणित शिकवते आणि हा हिशेब मला माहीत नव्हता. तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, की पुन्हा प्रतिपदेपासून सुरुवात. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे लोक पंचेचाळीस धरतात. पाच मिनिटांच्या फरकानं होडी अडत नाही. काका पुढे म्हणाले, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते फार चढत नाही. पण आता पुनव आली, म्हणजे उधाण. गेल्या मोसमात एका पाहुण्याची गाडी अशीच दारापर्यंत बुडाली, ती काढायला ट्रॅक्टर आणावा लागला.

आम्ही अर्धा चिरलेला कांदा तसाच ठेवून गाडी काढली. "मग आता कुठे लावू?" हे नवऱ्यानं विचारायच्या आत आई खाली उतरून काकूंकडे प्यायला पाणी मागत होत्या. ही त्यांची पद्धत. जागा कधीच मागायची नाही, पाणी मागायचं. मग माहेर कुठलं, सासर कुठलं, मुलं किती. आईंचं माहेर दापोलीजवळचं निघाल्यावर काकूंनीच जाळी गुंडाळून घरासमोर जागा करून दिली. संडासही "आमचाच वापरा" म्हणाल्या. गाडीत आहे, पण तो रिकामा करायचा कार्यक्रम ज्यानं केलाय त्यालाच या वाक्याची किंमत कळेल.

पावणेदहाला मी टॉर्च घेऊन मुद्दाम बघायला गेले. टॉर्चची गरजच नव्हती, चांदणं होतं. लाटा वगैरे काही नाही. पाणी आवाज न करता वर सरकत आलेलं, आमच्या टायरचे ठसे गायब, आणि घाईत विसरलेली आमची फळी शांतपणे तरंगत होती. नवरा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती आणायला गेला आणि मांडीपर्यंत भिजून आला. काका ओट्यावर बसून बिडी ओढत होते. काही बोलले नाहीत, बरं झालं.

आत्ता आई परत आल्यात, हातात पिशवी. कुळथाचं पीठ, शेवग्याच्या शेंगा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. आपल्यासाठी नाही म्हणाल्या. काकूंची मुलगी गुहागरला दिलीय, तिच्याकडे पोचवायचंय. आज दाभोळहून पलीकडे धोपाव्याला उतरायचं, तिथून गुहागर लांब नाही. सोडे गाडीत असले की तीन दिवस पांघरुणांना वास येतो, हे मी बोलणार होते.

"तिला फोन करून झालाय," आई म्हणाल्या. "रात्री त्यांच्याच अंगणात लावायची गाडी. फक्त माडाखाली नको म्हणाली, नारळ पडतात."