शेवग्यावरचा काळा ठिपका

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मी हिशोब लिहितो. सौदे निघेपर्यंतची सकाळ माझी असते आणि ती इतकी वर्षं पेपर आणि दोन कप चहातच गेली. या फेब्रुवारीत भाचीनं त्यात खोडा घातला. तिच्या कॉलेजात परसातल्या पक्ष्यांची मोजणी होती. ही मोजणी १९९८ साली अमेरिकेत सुरू झाली, भारतात २०१३पासून होते. चार दिवसांत जमेल तेव्हा निदान पंधरा मिनिटं पक्षी बघायचे आणि दिसतील तेवढे ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर भरायचे. "मामा, तुम्हाला हिशोबाची सवयच आहे, तुम्हीपण करा," म्हणाली.

पहिल्या दिवशी माझी यादी पाचावर थांबली: चिमणी, कावळा, साळुंकी, पारवा, होला. चौथ्या दिवशी ती अकरावर गेली. बुलबुल, दयाळ, शिंपी आणि सातभाई अंगणातच होते, मीच कधी मान वर केली नव्हती. तांबटाचं तर हसूच आलं. दुपारभर चालणारी ती टुक् टुक् मी जन्मभर कुणाच्या तरी बोअरच्या मोटारीची समजत होतो.

अकरावा होता शिंजीर. दारातल्या शेवग्याला फुलांचे घोस लागले होते आणि त्यांत अंगठ्याएवढा पक्षी लटकत होता. पोट पिवळट, गळ्यापासून खाली काळी रेघ, अंगावर कुठे कुठे निळसर ठिगळं. नर विणीचा हंगाम संपला की असा साधा होतो आणि वसंताच्या तोंडावर पुन्हा रंगाला येतो, हे भाचीनं सांगितलं. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत त्याचं कपडे बदलणं चाललं होतं. त्याचा एक चांगला फोटो काढायचा, एवढंच मी ठरवलं. त्यात दोन महिने जातील असं वाटलं नव्हतं.

मोबाईलवर आला तो हिरव्यात काळा ठिपका. मग ओळखीच्या लग्नाच्या फोटोवाल्याकडून जुना डीएसएलआर कॅमेरा आणि लांबचं जवळ आणणारी ५५-२५०ची लेन्स घेतली, चौदा हजारांना. घरी किंमत नऊ सांगितली. त्या कॅमेऱ्यानं ठिपका मोठा झाला, इतकंच. निम्मे फोटो हललेले, कारण शटर सेकंदाच्या १/१२५वर होतं आणि शिंजीर एका फुलावर दोन सेकंदही टिकत नाही. शटर १/१०००वर नेलं, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ८००पर्यंत चढवला. आता पक्षी स्थिर, चोचीचा बाकही दिसायला लागला, पण रंग? कोळसा. तोवर मार्च उजाडला होता, नर पुरता निळा-जांभळा झाला होता, डोळ्यांना मधूनच लखकन दिसायचा आणि फोटोत मात्र कावळ्याचं पिल्लू.

मेमरी कार्ड घेऊन फोटोवाल्याकडे गेलो. त्यानं चार फोटो बघितले आणि विचारलं, "भाऊ, नवरीचा शालू खिडकीकडं पाठ करून उभा केला तर जरीकाठ चमकंल का?" मग समजावलं. या पक्ष्याची चमक रंगाची नसते, पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड परततो त्याची असते. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी पाहिजे, नाहीतर पक्षी काळाच. शिवाय मागे उघडं आभाळ असलं की कॅमेरा तेवढ्या उजेडाला बिचकून सगळंच काळवंडवतो. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक घर वर ठेवायचं.

आमचं घर पूर्वाभिमुख. मी ओसरीत बसून सकाळी सूर्याकडे तोंड करून फोटो काढत होतो. महिनाभर! संध्याकाळी ऊन बरोबर पडतं, पण तेव्हा मी मोंढ्यात. उरली समोरच्या काकूंची गच्ची.

काकू तशा सहज गच्ची देणाऱ्यातल्या नाहीत. पण पाडवा झाला होता आणि त्यांच्या कुरडया सुरू होत्या. "वरी बसायलास तर बस, पर माझ्या कुरडया राखायच्या. एक जरी चिमणी बसली तर तुझा कॅमेरा खाली." घरी आईला सांगितलं तर तिला आनंदच झाला. लहानपणी ती औशाकडच्या रानात माळ्यावर उभी राहून गोफणीनं ज्वारीवरच्या भोरड्या हाकलायची. "म्या पाखरं हाकलून हात दुखवले आन् तू पाखरं बघायला पैसे घालायलास," म्हणाली. भोरड्या हिवाळ्यात थव्यांनी येतात आणि चैत्राच्या सुमाराला मध्य आशियाकडे परततात हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे, लई खाल्लंय त्यांनी आमचं.

गच्चीवरून पहिले दोन रविवार वाया गेले. कॅमेरा उचलायचो तोवर पक्षी गेलेला असायचा आणि मागून कुरडयांवर साळुंक्या. मग पाठलाग सोडला आणि नुसतं बघत बसलो. त्याचा एक फेरा ठरलेला होता: खालचे घोस, मग जास्वंद, मग शेवग्याच्या शेंड्याची एक वाळकी काडी. त्या काडीवर बसून तो चिवीट-चिवीट गायचा, चार-पाच सेकंद तरी. साडेसातच्या पुढे त्या काडीवर माझ्या पाठीमागून ऊन यायचं, नऊनंतर ते फारच कडक व्हायचं. मी फोकस काडीवरच लावून ठेवला आणि बोट बटणावर.

मधल्या काळात आणखी एक उद्योग लागला. भिंतीवर परळात पाणी ठेवायला लागलो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. ते दिवस ज्यानं घागरी मोजून काढलेत, त्याला पाखरांसाठी पाणी ओतताना अजूनही हात आखडतो. पण बुलबुल तिसऱ्या दिवशी आला, सातभाई तर सगळं खानदान घेऊन. पाणी रोज बदलायचं, डास होतात. शिंजीर परळाकडे फिरकला नाही. आईनं शेवग्यावर पाईप मारला तेव्हा मात्र ओल्या पानांत अंग घुसळत बसला. तेव्हा कॅमेरा चार्जिंगला होता.

चौथ्या रविवारी, आठच्या सुमाराला तो काडीवर आला, मान वळवली आणि अख्खा पेटला. डोकं हिरवट-निळं, छाती जांभळी, काखेत पिवळ्या-केशरी पिसांचा झुबका. सोळा फोटो निघाले, त्यातला एक धारदार. उतरताना जिन्यात काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला, "छान हाय," म्हणाल्या आणि बोटानं पुढचे फोटो सरकवत गेल्या. एका फोटोवर थांबल्या. कुरडयीचा तुकडा चोचीत धरलेली चिमणी, मीच कंटाळून काढलेली.

"ही बघ चोर. पाठव मला हा."

संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सॲपचा डीपी तो होता.